डावी बाजू क्लीनरची

शनिवार, १७ फेब्रुवारी १९७३

काल संध्याकाळी कलकत्त्याहून नगरला परत. एकोणीस दिवस लागले. गाडी धूर मारते. तिसऱ्या सिलिंडरची रिंग गेलीय हे मी रायपूरलाच कानाने ओळखलं होतं. आज मेस्त्रीने हेड उघडलं. तिसराच. मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. मोठेपणा मिरवू नये.

इंजिन उतरवून पुण्याला बोअरिंगला धाडलं. शेठ म्हणाले, सहादेव, एक तारखेपर्यंत घरी बस. अठरा वर्षांत पहिली सलग सुट्टी.

ही डायरी टायरवाल्याने नवीन वर्षाला दिली होती, मायलेज लिहायला. अजून कोरी आहे. आजपासून रोज लिहिणार.

ठराव पहिला : बारा दिवस ट्रकला हात लावायचा नाही. स्टेअरिंगला नाही, दाराला नाही. रस्त्यात उभा दिसला तरी मान वळवायची. आचारी घरी जाऊन पुन्हा जिलब्या तळतो काय?

संध्याकाळी ७. खर्ड्याहून एस्टीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. मेव्हण्याला, गहिनीनाथला, काल मुलगा झाला. चार मुलींवर. बारसं मंगळवारी २७ ला, दुपारी चारला पाळणा. माझी बायको मुक्ता ही एकुलती एक आत्या, त्यामुळे निरोपाला शेपूट : "आत्या आल्याबिगर नाव ठेवनार न्हाई."

मी लगेच म्हणालो, मी नेतो. मुक्ता भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, अख्ख्या हिंदुस्थानाचा माल पोचिवला तुमी, मला एकदा खर्ड्याला पोचिवलं न्हाई.

तसं खरं आहे. तिच्या चुलत बहिणीच्या लग्नात मी नागपूरला अडकलो. तिच्या वडिलांच्या दहाव्याला मद्रासला, उद्याच निघतो अशी तार करून. त्या वेळी ती माझी वाट बघत थांबली, शेवटी एस्टीने गेली, आणि पोचली तेव्हा नदीवरून माणसं परतत होती. त्याला आता सहा वर्षं झाली. तिने त्यावर कधी भांडण काढलेलं नाही. भांडण काढलं असतं तर मिटलं तरी असतं.

म्हणालो, या वेळी माझ्या स्वतःच्या गाडीतून नेईन. तिने विचारलं, ट्रकातून का? तिला नीट समजावलं की इंजिन पुण्याला आहे, आणि तसंही क्लीनरच्या सीटवर बायको बसवणं आमच्या लाइनमध्ये बरं दिसत नाही. तिने भाकरी उलटली. पटलं असावं.

रविवार, १८ फेब्रुवारी

जकात नाक्यावरच्या हॉटेलात चर्चा. विषय मीच काढला : लाइनवरच्या ड्रायव्हरने सुट्टीत काय चालवावं? दिल्ली लाइनचा राधाकृष्ण म्हणाला, बैलगाडी. बैलांना रस्ता पाठ असतो, आपल्याला झोपता येतं. कांद्याच्या गाडीवरचा एक जण म्हणाला, सुट्टीत मी घरचा पाळणासुद्धा हलवत नाही. माझा क्लीनर छगन कोपऱ्यात बशीने चहा पीत होता. बेचाळीस वर्षांचा गडी, अकरा वर्षं माझ्या गाडीवर, लायसन काढ म्हटलं तर नको म्हणतो. तो म्हणाला, "वस्ताद, सुट्टीत गड्यानं बायकुचं म्हननं चालवावं, दुसरं काय चालवू न्हाई." सगळं हॉटेल हसलं. क्लीनरला चारचौघांत बोलू देऊ नये.

मी जाहीर केलं : मोटरसायकल. २७ तारखेला मुक्ताला घेऊन खर्ड्याला, स्वतःच्या फटफटीवर, साठ मैल. साठ मैल म्हणजे आपल्याला एक विडी. कोणीतरी विचारलं, वस्ताद, सायकल येते ना? मी घड्याळ बघून उठलो.

इथे लिहायला हरकत नाही. सायकल येत नाही. चौदाव्या वर्षी बैलगाडीतून उतरलो तो थेट ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. सायकल मध्ये आलीच नाही.

पण डोकं चालवलं की वाट निघते. भिंगारला एका रिटायर हवालदाराकडे लष्करी लिलावातली फटफटी आहे, सायडकारसकट. तीन चाकं. ज्याला सहा चाकं आवरतात त्याला तीन म्हणजे निम्मी. पडायचा प्रश्नच मिटला.

सोमवार, १९ फेब्रुवारी

फटफटी घेतली. हिरवी. आवाज असा की छातीत नगारा वाजावा. किंमत लिहीत नाही, मुक्ता डायरी वाचत नसली तरी.

निघताना हवालदाराची बायको उंबऱ्यात आली आणि गाडीला हात जोडले. केवढी माया! शांतवन फिटर बरोबर होता. तो म्हणाला, सहादेवभाऊ, ती माया नव्हे, सुटका.

घरापर्यंत छगन आणि शांतवनने ढकलत आणली. नव्या मालकाने पहिल्याच दिवशी इंजिनवर जोर करू नये.

मुक्ताने ओवाळलं. मग सायडकारमध्ये वाकून बघितलं. म्हणाली, "ह्यात मी बसायचं? मला वाटलं दळनाचा डबा हाय."

मंगळवार, २० फेब्रुवारी

पहिली ट्रायल. यंत्र उत्तम, पण बनवणारा उलट्या पायाचा असणार. क्लच हातात, गिअर पायात! डाव्या पायाने क्लच दाबायला जावं तर ब्रेक लागतो. उजव्या पायाने रेस द्यायला जावी तर गिअर पडतो. अठरा वर्षांचे पाय एका सकाळीत कसे विसरणार? पायांचा यात दोष नाही.

मग गल्लीतून वळताना एक किरकोळ प्रकार झाला. सध्या नळाला तासभर पाणी, त्यामुळे रांगेत माणसांऐवजी भांडी उभी असतात. मी अगदी सरळ गेलो. सायडकार मात्र भांड्यांवरून गेली. अकरा पितळी घागरी, चार मातीच्या, एक डालड्याचा डबा.

बायकांना बोलायला निमित्तच पाहिजे असतं. एक ओरडली, अगं बया, रणगाडा आला! दुसरी म्हणाली, "आवो डायवर, कलकत्त्याला बी असंच जाता व्हय?" मी शांतपणे सांगितलं की कलकत्त्याच्या रस्त्यात कोणी घागरी मांडत नाही.

मूळ कारण शोधून काढलं. डावी बाजू ही क्लीनरची असते. छगन "लेफ्ट खाली" म्हणतो आणि मी वळतो. अठरा वर्षांत मला डावीकडे बघावं लागलेलं नाही. मी डावीकडे बघायचं तर क्लीनर कशाला ठेवायचा?

मुक्ताने आमच्या दोन घागरी पाणी मातीच्या घागरी फुटलेल्यांना दिलं. आज आंघोळ नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

कालचा सिद्धांत शंभर टक्के खरा. छगनला सायडकारमध्ये बसवलं. "लेफ्ट खाली, वस्ताद. येऊ द्या. गाय हाय. गाय गेली. येऊ द्या." कॅम्पपर्यंत जाऊन आलो, चार मैल, कुठे ओरखडा नाही. म्हणजे ड्रायव्हरमध्ये दोष नाही हे सिद्ध झालं.

शांतवनने विचारलं, मग मंगळवारी वहिनी कुठे बसणार? सगळं सुरळीत चाललं की नेमका असा प्रश्न काढणारी माणसं असतातच.

मुक्ता मागच्या सीटवर बसणार नाही म्हणते. नऊवारी, वर मांडीवर बाळंतविडा. छगनला मागे बसवू या म्हटलं, तर तो म्हणतो, मागनं मला डावीकडचं काय बी दिसत न्हाई, तुमचं डोकं आडवं येतं.

निर्णय : मुक्तालाच क्लीनर करायची.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

मुक्ताला शिकवलं. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. डावीकडे मोकळं असेल तर "लेफ्ट खाली". पाव तासात शिकली. छगनला दोन वर्षं लागली होती.

एकच खोड. उजवीकडचंही सांगते. "उजवीकडं खड्डा हाय." मी म्हणालो, उजवी बाजू ड्रायव्हरची, तिकडे तू बघायचंच नाही. म्हणाली, खड्ड्याला काय ठावं, कंची बाजू कुनाची? तोवर खड्डा आलाच.

संध्याकाळी ओट्यावर बसून तिने विचारलं, क्लीनर आणि काय काय करतो? सांगितलं. काच पुसतो, लोखंडी दांड्याने टायर ठोकून हवा बघतो. गाडी थांबली की ड्रायव्हर उतरतो आणि सरळ चहाला जातो. मागे वळून बघत नाही. बघायचं नसतंच, लाइनची रीत आहे. चाकाखाली दगड लावणं क्लीनरचं काम. मुक्ता हनुवटीला हात लावून ऐकत होती. रस्ते, घाट, रात्रीची हॉटेलं, सगळं विचारत होती. चौदा वर्षांत इतके प्रश्न केले नव्हते. फटफटीचा परिणाम.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

पंक्चर. सोल्युशनची ट्यूब शोधताना तुरीच्या डाळीच्या डब्याखाली कागद सापडला. शाळेतल्या बाईंच्या वळणदार अक्षरात एस्टीचं वेळापत्रक. नगर–जामखेड : पहाटे पाच, साडेदहा, चार. जामखेड–खर्डा पुढे.

नवऱ्यावर विश्वास म्हणून काही असतो. कागद होता तसा ठेवला.   आमटीत मीठ जरा जास्त होतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

लांबची ट्रायल, एकटाच, चिचोंडीच्या दिशेने. रस्ता सरळ आहे, डावीकडे कोणी राहत नाही. नवव्या मैलावर इंजिनने दोन उचक्या दिल्या आणि गप्प. कानाने निदान केलं : कार्बोरेटर. रस्त्याच्या कडेला पूर्ण खोलला, पुसला, परत जोडला. एक स्क्रू उरला. तो आधीपासूनच जादा असावा.

दोन मैल ढकलली. तेवढ्यात शांतवन सायकलवरून आला. त्याने वाकून पेट्रोलचा धक्क्याने मिटलेला कॉक उघडला. अर्ध्या किकमध्ये चालू. कॉक बंद आहे हे मला दिसलं होतं, त्याला दिसतं की नाही ते बघायचं होतं. पोरगा हुशार आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी

पाठ. शेक. नोंद नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मुक्ताच्या म्हणण्याप्रमाणे आज पहाटेच निघायचं होतं, म्हणजे एक दिवस हातात राहिला असता. निघालो नाही. कारण हॉर्न. हवालदाराचा हॉर्न म्हणजे बकरीची शिंक. आमच्या गाडीचा मोठा हॉर्न गॅरेजमध्ये रिकामाच पडला होता, तो आणून बसवायला दिवस गेला. (हॉर्नला हात लावला. ट्रकला नाही.) आता वाजवला तर भिंगारच्या परेडला सुट्टी व्हावी.

तीन वाजता मुक्ता बाळंतविडा बांधून दारात उभी राहिली. म्हणाली, चारच्या एष्टीनं मी म्होरं जाऊ का? तुमी या सावकाश. मी म्हणालो, वेडी का काय, उद्या पहाटे निघू, बाराला खर्ड्यात. ती म्हणाली, दहाव्याला बी तुमी उद्याच म्हनला हुता.

रागाने म्हणाली असती तर माझ्यापाशी उत्तर होतं. साध्या आवाजात म्हणाली. मी कानिफनाथाची शपथ घेतली : उद्या चारला पाळण्याची दोरी तुझ्या हातात. नाही दिली तर पुन्हा तुला कुठे नेतो म्हणणार नाही.

तिने गाठोडं खाली ठेवलं. मग डाळीच्या डब्याखालचा कागद काढला आणि त्यात बाळाचं टोपडं गुंडाळून गाठोड्यात ठेवलं. चारची एस्टी गेली. ती नाक्यावर गिअर बदलते तो आवाज घरात येतो.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पहाटे ४.४०. निघालो. हॉर्न दिला. सगळी गल्ली निरोप द्यायला उठली. काय म्हणाली ते लिहीत नाही.

५.५०. पाचच्या एस्टीने ओव्हरटेक केलं. कंडक्टरने हात हलवला. मुक्ता तिचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत होती. बहुतेक धुळीमुळे.

८.४०. कडा. चहा. मुक्ता क्लीनर म्हणून चांगली. "लेफ्ट खाली" फक्त पुटपुटते, जरा ठसक्यात म्हणायला हवं.

११.३०. आष्टी. इंजिन तापलं. निंबाखाली तासभर थांबलो. उशीर नाही, विश्रांती.

१.४५. जामखेड. पंधरा मैल राहिले. मुक्ताला म्हणालो, तीनच्या आत पोचतो. शेजारच्या हॉटेलातल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. मुक्ता पहिल्यांदा हसली. गाठोड्यातून टोपडं काढून बघितलं, परत ठेवलं.

२.३०. जामखेडपुढच्या चढाच्या माथ्यावर. दुष्काळी काम. बायका खडी फोडतायत, खाली पाझर तलाव खोदतायत. पेन्सिल हातात आहे म्हणून लिहितो. दुसरं काही सुचत नाही.

माथ्यावर इंजिन थंड करायला थांबलो. मुक्ता उतरून बायकांकडे पाणी मागायला गेली. मीही उतरलो आणि सरळ मुकादमाच्या चहाकडे निघालो. मागे वळून बघितलं नाही.

दहा पावलं गेलो असेन. मागून आवाज. माझा कान सगळे आवाज ओळखतो, पण हा नवीन होता. इंजिन बंद, नुसते टायर खडीवरून. आधी हळू, मग घाईने. अठरा वर्षांत कधी ऐकलेला नाही, कारण अठरा वर्षं कोणी ना कोणी चाकाखाली दगड लावत आलेलं आहे.

दोनशे फूट उतार. फटफटी अगदी सरळ गेली. माझ्या हाताखाली इतकी सरळ कधी गेली नव्हती. कोरड्या तलावाच्या मधोमध जाऊन उलटली. हॉर्न अडकला आणि वाजतच राहिला.

बायकांच्या हातातली घमेली खाली पडली, इतक्या हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "पानी यायच्या आदी तळ्यात फटफटी आली!" दुसरी ओरडली, आवो, ती मालकाला बी न इचारता गेली की! मग त्यांना मुक्ताचं तोंड दिसलं. एकेकीने पडलेलं घमेलं उचललं. कोणीतरी खाली जाऊन हॉर्नची वायर तोडली. एकीने गाठोडं वर आणलं. टोपडं धड आहे.

मुक्ता खडीच्या ढिगावर बसलीय. गाठोडं मांडीवर. खर्डा नऊ मैल. पुढची एस्टी साडेपाचला. चारला पाळणा.

चूक कुणाची ते नंतर ठरवू. नाही, लिहून टाकतो. दगड मी लावायला हवा होता.

२.५५. जामखेडकडून गाडी येतेय. अजून दिसत नाही. ट्रक आहे, भरलेला, पातळ माल. दुसऱ्या गिअरमध्ये रडतोय, क्लचवर पाय ठेवून चालवतोय. मुकादमाला म्हणालो, हा जो कोणी आहे तो ड्रायव्हर नाही. मुकादम म्हणाला, तुमीच सांगा आता ड्रायवर कोन असतो ते.

संध्याकाळी ६.३०, खर्डा.

पुढचं सावकाश लिहितो.

ट्रक आला. वर पाण्याची टाकी. खर्ड्याला जाणारा टँकर. नेहमीचा ड्रायव्हर तापाने पडलेला, म्हणून ट्रॅक्टरवाल्याला बसवलेलं. त्याने माथ्यावर येऊन पलीकडचा उतार बघितला आणि खाली उतरला. म्हणाला, मी न्हाई न्यायचा. पानी हिंदकळतंय, गाडी मागनं ढकलतीय. माजी बी पोरंबाळं हायती. आणि सावलीत जाऊन बसला.

मुकादम कपाळावर हात मारत म्हणाला, खर्ड्यात तीन दिवस पाणी नाही. कोणी ड्रायव्हर आहे का हो? सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो हाय की! आत्ताच एक गाडी खाली सोडली त्यानं!"

मी मुकादमाला माझा ठराव सांगितला. बारा दिवस ट्रकला हात नाही. आज अकरावा. त्याला विषयाचं महत्त्व कळलं नाही.

तोवर मुक्ता उठली होती. पदर खोचला. टँकरचं डावं दार उघडलं, गाठोडं आधी वर ठेवलं, मग स्वतः चढली. पहिल्यांदाच चढत होती, पण पाय बरोबर पायरीवर. आत बसून तिने दारावर थाप मारली. दोनदा.

ठराव मोडलेला नाही. टँकर हा ट्रक नव्हे, पाणी आहे.

उतार वाईट होता, पुढचा रस्ताही; बरीचशी वाट पहिल्या गिअरमध्ये. पाणी खरंच मागून ढकलतं. पण पाय आपापल्या जागी होते, क्लच पायात, गिअर हातात. डावीकडून आवाज येत होता, पुटपुटून नाही, ठसक्यात. "लेफ्ट खाली. येऊ द्या. म्हस हाय. म्हस गेली. येऊ द्या." उजवीकडचं एकदाच सांगितलं. खड्डा होता. चुकवला.

खर्ड्यात शिरलो तेव्हा चार वाजून पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं उशीर. गहिनीनाथच्या दारात मांडव, पाळणा बांधलेला, पाळणा म्हणायला जमलेल्या बायका. टँकरचा आवाज आला आणि मांडवात एक बाई शिल्लक राहिली नाही. आपापल्या घरात शिरल्या, घागरी घेऊन धावल्या. पाळण्याजवळ फक्त बाळंतीण आणि माझी सासू बनुबाई. कोणाला उशीर कळलाच नाही. आत्याची वाट बघायची सोडून सगळं गाव नळीच्या तोटीकडे बघत होतं.

मी उतरलो आणि सवयीने चालू लागलो. आठव्या पावलाला दगड आठवला. वळलो. मुक्ता नव्या लुगड्यात मागच्या चाकाशी वाकली होती. दगड लावला, पायाने ठोकून बघितला, हात झटकले. मग गाठोडं घेऊन पाळण्याकडे गेली.

घागरी भरल्या, मगच बायका परतल्या. पाळणा साडेपाचला. मुक्ता बाळाच्या कानाशी वाकली. नाव कानिफनाथ. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. ती हसली. रस्त्यातल्या सगळ्या गाड्यांचे आवाज मला पाठ आहेत. हा नव्हता.

घुगऱ्या वाटताना गहिनीनाथने विचारलं, "दाजी, सोताची गाडी घ्येतली म्हनं? कुटंय?"

म्हणालो, पाझर तलावाच्या कामावर आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी

सकाळी ओसरीवर दाढी करत होतो. भिंतीपलीकडे चुलीपाशी मायलेकी बोलत होत्या. मुद्दाम ऐकलं नाही, माझा कानच तसा आहे.

सासूबाई म्हणाल्या, "जावयानं फटफटी घ्येतली, तुला राग न्हाई आला?" मुक्ता म्हणाली, "राग कशाचा? मला म्हनलं तर ट्रकातूनच यायचं हुतं, आये. चौदा वर्सं झाली, येत्यात कवा, जात्यात कवा. त्येंच्या शेजारच्या जागेवरनं काय दिसतं त्ये एकदा बगायचं हुतं. बोलले हुते मी. त्येंला ऐकू न्हाई गेलं."

गालाला वस्तरा लागला. जास्त नाही.

दुपारी जामखेडहून कचेरीचा माणूस आला. ताप उतरेपर्यंत टँकर तुम्हीच चालवा, दिवसाला दोन खेपा. मी म्हणालो, सुट्टीवर आहे. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, म्हणून हो म्हणालो. क्लीनर कोण, असं त्याने विचारलं. मुक्ता आधीच वर बसली होती.

फटफटी दोन बैलजोड्यांनी वर काढली. गहिनीनाथच्या गोठ्यात आहे. सायडकारमध्ये एक कोंबडी बसलीय. उठत नाही.

गुरुवार, १ मार्च

शेठचा निरोप : इंजिन अजून पुण्यातच. सुट्टी आठ तारखेपर्यंत वाढली. ही बातमी कचेरीला माझ्या आधी कळली. दिवसाला तीन खेपा झाल्या.

आज कोणताही नवीन ठराव नाही. डायरी ज्यासाठी दिली होती ते लिहून टाकतो.

सुट्टीतलं मायलेज.
फटफटी : अठ्ठ्याहत्तर मैल. पैकी ढकलत तीन. ड्रायव्हरशिवाय दोनशे फूट.
ट्रक (हात न लावता) : एकशे एकोणसाठ मैल.
क्लीनर : मुक्ताबाई. काम चोख. तक्रार एकच, उजवीकडचंही सांगते.
उजवीकडे खड्डे होते.